भिंतीतून बाहेर आलेलं कपाट

पुण्याच्या नारायण पेठेतल्या एका घरातलं सागवानी कपाट पॉलिशसाठी अंगणात काढलं, तेव्हा उजेडात त्याच्या दारांवरची रेघ स्पष्ट दिसली. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चहाच्या डागासारखी काळपट. रेघेखालचं लाकूड वरच्यापेक्षा फिकं, त्याच्या शिरा किंचित उघडलेल्या. पॉलिशवाल्यानं काचकागदाची घडी बोटांत धरली आणि घरातल्या आजींना विचारलं, "आजी, एवढं घासून काढतो. खाली एकदम कोरं लाकूड निघेल." आजी खुर्चीतून उठून जवळ आल्या, रेघेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "नको रे बाबा. तेवढं सोड, बाकीचं कर. पानशेतचं पाणी आहे ते."

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांमध्ये शिरलं. गाद्या, पुस्तकं, धान्य, लग्नांचे फोटो, काय काय त्या दिवशी गेलं याच्या याद्या पुण्यातली जुनी माणसं अजूनही तोंडपाठ सांगतात. हे कपाट मात्र चिखल धुऊन, सावलीत सावकाश वाळवून पुन्हा जागेवर उभं राहिलं. यात नशिबाचा वाटा थोडा आणि सुताराचा फार मोठा. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे पाणी आणि वाळवी दोघांनाही तो सहजासहजी दाद देत नाही. शिवाय अशा कपाटाचा सांगाडा चिकटवलेला नसतो. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवायचं आणि वरून आरपार लाकडी खुंटी ठोकायची, ही त्याची बांधणी. त्या काळी सुतार जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस वापरत. तो पाण्यानं सुटतो. म्हणजे पुरात कडेच्या नक्षीच्या पट्ट्या निखळल्या असतील, पण चौकट ढळायचं कारण नव्हतं. आजच्या भुसा दाबून केलेल्या फळीच्या कपाटाखाली बादलीभर पाणी सांडून दोन दिवस राहिलं, तरी त्याचा तळ फुगून पाव होतो.

पण ही गोष्ट टिकाऊपणापेक्षा मोठी आहे. मराठी घरात कपाट आलं कुठून, आणि ते चाललंय कुठे, याचा माग घेण्यासारखा आहे.

सुरुवात शब्दापासूनच करावी. संस्कृतात 'कपाट' म्हणजे दाराची फळी, दरवाजा. आजही दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत 'केदारनाथचे कपाट उघडले' अशी हिंदी वळणाची बातमी येते, ती त्याच अर्थानं. याच शब्दाची झीज होऊन आपलं 'कवाड' झालं. मग दाराला वाहिलेला शब्द सामान ठेवायच्या वस्तूला कसा चिकटला? वाड्यात एकदा फिरून आलं की उत्तर सुचतं. तिथे कपाट नावाची वेगळी वस्तू फारशी नव्हतीच. भिंत होती, भिंतीत पोकळी होती, आणि त्या पोकळीला लावलेली दोन कवाडं होती. ती लोटली की झालं कपाट.

वाड्याच्या भिंती हात-दोन हात जाडीच्या. त्या जाडीचा उपयोग करून घेणं हे बांधणाऱ्याचं कसब. दिव्यासाठी देवळी, हाताशी लागणाऱ्या वस्तूंसाठी कोनाडा, कवाडं असलेलं ते फडताळ, धान्यासाठी बळद. पागोट्यासाठी खुंटीसुद्धा भिंतीतच. लाकडी पेटारे आणि हडपे असत, पण त्यांत वस्तू मांडलेल्या नसत, कापडात बांधून रचलेल्या असत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातली मोडी कागदपत्रं आजही 'रुमाल' या मापानं ओळखली जातात. एक रुमाल म्हणजे चौकोनी कापडात बांधलेला कागदांचा एक गठ्ठा. राज्याचा कारभार रुमालात आणि घरातली ठेवणीतली लुगडी बोचक्यात, रीत एकच. आणि फडताळ होतं ते घराचं. माणूस गाव सोडून गेला तर पेटारा बैलगाडीत चढायचा, फडताळ मागेच राहायचं.

मग कपाटाला पाय फुटले.

पश्चिम किनाऱ्यावर ते आधी फुटले. पोर्तुगिजांसोबत 'आर्मारियु' आला. त्याचं मूळ लॅटिनमधलं, शस्त्रं नि अवजारं ठेवायची जागा अशा अर्थाचं. त्यावरून गोव्यात 'आर्मार' झालं आणि उत्तरेकडे 'अलमारी'. तिला लावायची 'चावी' हाही पोर्तुगीजच शब्द, हे सहसा लक्षात येत नाही. सतराव्या शतकात गोव्यातल्या कारागिरांनी 'कोन्तादोर' नावाचा एक प्रकार घडवला. अनेक छोट्या खणांची पेटी, सागावर शिसवी, आबनूस आणि हस्तिदंताचं जडावकाम, भौमितिक वर्तुळांत वर्तुळं गुंफलेली. ही पेटी तिवईसारख्या चौकटीवर बसायची, आणि त्या चौकटीच्या पायांच्या जागी बऱ्याचदा नागिणींसारख्या कोरीव आकृती असायच्या. कमरेखाली सर्पाकार, वर मानवी रूप. पोर्तुगिजांच्या गरजेसाठी घडवलेल्या वस्तूला भारतीय सुतारानं आपल्या देवळातले पाय दिले. असे कोन्तादोर आज लिस्बन आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत. त्यांच्यासमोर उभं राहिलं की आधी खणांची संख्या मोजावीशी वाटते, मग त्या नागिणींचे चेहरे पाहत राहावेसे वाटतात.

मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शिसवीचं काळंभोर, जाळीदार कोरीव काम असलेलं फर्निचर होऊ लागलं. इंग्रजीत त्याला 'बॉम्बे ब्लॅकवूड' असं नावच पडलं. इंग्रज अधिकारी आणि धनिक पारशी कुटुंबं ही त्याची गिऱ्हाइकं. पण सामान्य मराठी माणसाच्या घरात कपाट शिरलं ते या वाटेनं नव्हे. ते आलं नोकरीच्या वाटेनं. रेल्वे, पोस्ट, कचेऱ्या, गिरण्या, शाळा. माणूस बदलीच्या गावी भाड्यानं राहू लागला. भाड्याच्या घराच्या भिंतीत आपलं काही ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून भिंतीतलं फडताळ बाहेर आलं, त्याला मागची फळी मिळाली, बाजू मिळाल्या, पाय मिळाले. आणि ते घराचं न राहता कुटुंबाचं झालं. जुनी कपाटं नीट पाहिली तर त्यांची वरची महिरप, मधला भाग आणि खालचा खणांचा बैठा भाग अलग करता येतात. अरुंद जिन्यातून उतरवून खटाऱ्यात घालायची सोय त्यांच्या रचनेतच असते.

चाळीत तर त्यानं आणखी एक काम अंगावर घेतलं. मुंबईत १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. एवढ्यात दोन भाऊ, दोन जावा, सासू-सासरे, मुलं. अशा खोलीत कपाट भिंतीला पाठ लावून उभं राहायचं नाही, खोलीच्या मध्ये आडवं उभं राहायचं. त्याच्या या बाजूला एक संसार, त्या बाजूला दुसरा. उघड्या पडलेल्या पाठीवर कुणी कॅलेंडर लावायचं, कुणी साडीचा पडदा सोडायचं. वर गाद्यांची वळकटी, तिच्यावर लोखंडी ट्रंक, तिच्यावर गणपतीचं मखर. वाड्यात भिंतीनं कपाटाला जागा दिली होती, चाळीत कपाटच भिंत झालं. मराठी घरांचा इतिहास लिहायचा तर नकाशांइतकाच या कपाटांच्या जागांचाही विचार करावा लागेल.

त्याच मुंबईत दुसऱ्या टोकाला १९३७ मध्ये टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरलं होतं. भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेनं भरवलेल्या त्या प्रदर्शनात आधुनिक घर कसं असावं, हे मुंबईकरांना दाखवलं गेलं. मरीन ड्राइव्हवर, ओव्हलसमोर, दादर-माटुंग्यात आर्ट डेको इमारती उभ्या राहत होत्या, आणि त्यांच्या गोलाईदार सज्जांसारखीच गोल कोपऱ्यांची कपाटंही येत होती. नक्षी गेली, रेषा आल्या. आज लोक 'विंटेज' म्हणून घरी आणतात त्यांत या काळातली कपाटं पुष्कळ असतात. मधोमध उभा आरसा, एका बाजूला कपडे टांगायची जागा, दुसरीकडे खण.

स्वयंपाकघरातलं जाळीचं कपाट मात्र कुठल्याच प्रदर्शनात नसायचं, आणि तरीही सगळ्यांत हुशारीनं केलेलं तेच. चार उंच पाय, तीन बाजूंना बारीक तारेची जाळी, आत दोन-तीन फळ्या. दूध, दही, उरलेली भाजी, तुपाचं भांडं. वारा खेळता, मांजर बाहेर. मुंग्या लागू नयेत म्हणून चारही पाय पाण्यानं भरलेल्या वाट्यांत. आठवड्यातून एकदा ते पाणी बदलायचं काम घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे. फ्रिज आला आणि ही कपाटं गच्चीवर गेली. आता ती परत येताहेत, पुस्तकांसाठी, कपबश्यांसाठी. कांदे-बटाटे आणि आंब्यांसाठी तर आजही त्यांच्यासारखी दुसरी जागा नाही, कारण या तिन्हींना हवा लागते.

आणि मग गोदरेज. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपं करायला सुरुवात केली, पुढे तिजोऱ्या आल्या, आणि १९२३ मध्ये पोलादी कपाट. महाराष्ट्रात त्यानंतर कुठल्याही कारखान्याच्या पोलादी कपाटाला लोक 'गोदरेजचं कपाट' म्हणू लागले. मुलीच्या लग्नात ते द्यायचं, दाराला हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, आतल्या लॉकरमध्ये पहिल्यांदा ठेवायचे ते मंगळसूत्राचे कागद आणि पोस्टाची पासबुकं. दांडा फिरवला की आतल्या सळया वर-खाली सरकल्याचा जो घणघणीत आवाज येतो, तो ऐकून झोपेतला माणूसही सांगेल की आईनं कपाट उघडलं. वाळवी नाही, भुंगा नाही, उंदीर नाही. लाकडाच्या प्रेमात असलेली माणसं या कपाटाला जुन्या वस्तूंत धरत नाहीत, हा त्याच्यावर अन्याय आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं पोलादी कपाट हाही आता वारसाच. गंज खरवडून गाड्यांना देतात तसा रंग दिला की ते आणखी दोन पिढ्या चालतं.

आता उलटा प्रवास पाहा. गेल्या काही वर्षांत शहरी फ्लॅटमध्ये कपाट पुन्हा भिंतीत गेलं आहे. जमिनीपासून छतापर्यंत प्लायवूड, वर सनमायका, सरकती दारं. जागा भरपूर मिळते, हे खरं. पण घर विकलं की ते तिथेच राहतं आणि नवा मालक पहिल्या आठवड्यात ते तोडून टाकतो. फडताळाचंही असंच होतं, ते घराचं होतं. फरक एवढाच की वाडा दीडशे वर्षं उभा राहायचा आणि त्याचं फडताळही. म्हणून आज एखादं जुनं, पायांवर उभं असलेलं कपाट घरात असणं याला अर्थ आहे. सगळं भिंतींना खिळलेलं असताना ती एक वस्तू आपल्याबरोबर निघू शकते.

वाडे पडताहेत तशी ही कपाटं बाजारात येतात. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर, जोगेश्वरीच्या ओशिवऱ्यातल्या गल्ल्यांमध्ये. तिथे दुकानदार आधी आरसा दाखवेल आणि 'बेल्जियम' म्हणेल. कडा तासलेला प्रत्येक जाड आरसा आपल्याकडे बेल्जियमचाच असतो. आरशाकडे पाहावं, जरूर पाहावं. काचेमागे चांदीचा थर चढवायची पद्धत जस्टस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८३५ मध्ये शोधली, आणि आपल्या दमट हवेत तो थर कडेनं काळवंडत येतो. तसे डाग जुनेपणाचे, ते बदलायची घाई करू नये. पण कपाटाची खरी परीक्षा दारात होत नाही, खणात होते.

खण पूर्ण बाहेर काढावा आणि उलटा करावा. खणाच्या कोपऱ्यात दोन फळ्या एकमेकींत बोटांसारख्या गुंतलेल्या असतात, प्रत्येक बोट टोकाशी रुंद, कबुतराच्या शेपटीसारखं. सुतार याला डवटेल म्हणतात. हातानं कापलेले डवटेल कधीच सारखे नसतात. एक जाड, एक बारीक, कुठे पटाशी घसरल्याची खूण, कुठे आखणीची ओरखड्यासारखी रेघ. मशिनचे मात्र शिस्तीत, सगळे एका मापाचे. मग तळ पाहावा. पॉलिश न लागलेलं आतलं लाकूड फक्त हवेनं आणि वर्षांनी रापतं, आणि ते रापणं कुठे कमी कुठे जास्त असतं, कारण हवा सगळीकडे सारखी पोचत नाही. नवं लाकूड जुनं भासवायला रंग चढवला असेल तर तो खाचांतही एकसारखा दिसतो. स्क्रूच्या डोक्यावर एकच आडवी खाच असेल तर ठीक. अधिकाच्या चिन्हासारखी खाच १९३० च्या दशकात आली, तेव्हा शंभर वर्षांचं म्हणून दाखवलेल्या कपाटात असे स्क्रू दिसले तर निदान दुरुस्ती तरी नंतरची. खणाखाली पिठासारखा ताजा, फिकट भुसा सांडलेला असेल, तर भुंगा अजून आत आहे. ते कपाट औषध दिल्याशिवाय घराच्या उंबऱ्यातून आत घेऊ नये.

रंगवलेलं कपाट असेल तर आणखी एक काळजी. जुन्या तैलरंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांच्या वर नसावं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगाची खात्री नाही. घरात लहान मूल असताना असा रंग कोरडा घासून धूळ उडवणं धोक्याचं आहे.

कायद्याच्या दृष्टीनं जुनं म्हणजे किती, याचंही उत्तर आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे. त्याहून जुनी कारागिरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पण शंभर वर्षं भरली नाहीत म्हणून वस्तू कमी मोलाची ठरत नाही, हे आपण चंदीगडमध्ये महागात शिकलो. शहराचे वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली १९५० च्या दशकापासून तिथल्या कचेऱ्यांसाठी सागवानी फर्निचर झालं. खुर्च्या, टेबलं, फायलींची कपाटं. मोडकं म्हणून सरकारी लिलावांत ते भंगाराच्या भावात गेलं आणि मग परदेशी लिलावांत लाखो रुपयांना विकलं जाऊ लागलं. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं त्याची विक्री आणि निर्यात थांबवण्याचे आदेश काढले. आपल्या जिल्हा परिषदांच्या, शाळांच्या, ग्रंथालयांच्या अडगळीत काचेच्या दारांची काय कपाटं पडली आहेत, ते एकदा कुणीतरी दिवे लावून पाहायला हवं.

घरी आणल्यावर काय करायचं? भरायचं. जुन्या कपाटाला दिवाणखान्यात उभं करून आत दिवे सोडणं आणि दोन पितळी समया ठेवणं यानं शोभा येते, पण त्याची दारं महिनोन्‌महिने उघडली जात नाहीत, आतली हवा कोंडते आणि बुरशी धरते. रोज उघडझाप होणारं कपाट जास्त जगतं. फक्त त्याचं माप समजून घ्यावं. शर्ट हँगरवर टांगायला जवळपास दोन फूट खोली लागते, जुनी बरीच कपाटं घडीच्या कपड्यांसाठी केलेली, दीड फुटाची. त्यात चादरी, साड्या, पुस्तकं सुखानं राहतात. दांडी बसवण्यासाठी मागची फळी कापून खोली वाढवणारे सुतार आहेत, त्यांना हात लावू देऊ नये. कवाडं काढून त्यांवर काच टाकून चहाचं टेबल करण्याची टूम निघाली आहे, तीही मनाला लागते. दोन कवाडांचं एक टेबल होतं आणि मागे उरतो तो दार नसलेला खोका. पैठणीसाठी जुनी रीत अजून चांगली. मऊ सुती कापडात गुंडाळायची, डांबरगोळी जरीला टेकू द्यायची नाही, त्याऐवजी वेखंडाचा तुकडा पुरचुंडीत बांधायचा, आणि वर्षातून दोनदा घडी मोडून वेगळी घालायची.

नारायण पेठेतल्या त्या अंगणात पॉलिशचं काम चार दिवस चाललं. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाची पुरचुंडी मलमलीत बांधून, तिनं गोल गोल हात. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा. लाखेचा वास जिन्यापर्यंत. ब्रशानं एका दुपारी होणाऱ्या कामाला हातानं चार दिवस लागतात, पण लाकूड प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळल्यासारखं दिसत नाही, आणि पुढे ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा हात देता येतो. पावसाळ्यात फुगणाऱ्या खणांच्या कडांवर कारागिरानं मेणबत्ती घासली आणि खण दोनदा सरकवून पाहिले. रेघ त्यानं सांगितल्याप्रमाणे राखली. तिच्यावरूनही पॉलिशचा एक हात फिरला, त्यामुळे ती आधीपेक्षा गडद झाली.

संध्याकाळी चौघांनी मिळून कपाट आत नेलं आणि आजी ते लावायला बसल्या. सुनेनं अल्बमचा गठ्ठा उचलून खालच्या मोठ्या खणात ठेवला, जागा तिथेच होती. आजींनी तो काढून वरच्या फळीवर ठेवला. घराचे कागद, साड्या, पत्रिका, फोटो, सगळं वर. रेघेखालच्या खणात जुनी पायपुसणी, रिकाम्या बरण्या आणि दिवाळीचे कंदील.